अनोळखी चित्र

४ सप्टेंबर, गुरुवार

वर्गात बसलो! आमच्या गावच्या कॉलेजात म्हाताऱ्यांना मागच्या बाकावर फुकट बसू देतात. परीक्षा नाही, गुण नाहीत. विषय — कलेचा इतिहास. जन्म गेला दुकानात खिळे नि बिजागऱ्या विकण्यात, चित्रं पाहायची राहूनच गेली.

खोलीत अंधार करतात, मग भिंतीवर चित्र उजळतं. प्राध्यापिका लिंडक्विस्ट बाजूला सरून आधी ते पाहू देतात. मग म्हणतात, "आधी काय दिसतं ते सांगा. आवडलं की नाही ते मागाहून." मला शाळेतल्या ॲबटबाई आठवल्या. कविता सुरू करण्याआधी त्या वर्गाची खिडकी लावून घ्यायच्या — शब्द बाहेर उडून जायला नकोत म्हणून!

२३ सप्टेंबर, मंगळवार

शेजारी टॅबिथा बसते. निळे केस, गुडघ्यावर फाटकी पँट. आज म्हणाली, "हॉलिस, परीक्षा मला आहे की तुम्हाला? किती लिहून घेता!"

म्हटलं, "तुझ्याएवढा होतो तेव्हा जहाजबुडीची अख्खी कविता तोंडपाठ होती."

"होती! आता काय उपयोग?"

मग कॉलेजच्या पायऱ्यांवर उभा राहून सगळी म्हणून दाखवली. वरून मेपलची लाल पानं गळत होती. एक शब्द अडला नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

मुलगी, लॉरेल, ॲरिझोनाहून आली आहे. आल्या आल्या तिला स्टोव्हवरची किटली सापडली — बूड जळून काळं ठिक्कर.

"डॅड, ही कितवी?"

"चहा कडक आवडतो मला."

हसली नाही. "डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय का?"

"आठवतंय. तेवढं विसरलो असतो तर बरं झालं असतं!"

मग रडली. आईसारखीच रडते, आवाज न करता. तिचं म्हणणं, हे घर विकायचं आणि मी तिच्याकडे जायचं. तिथे बर्फ नाही, मेपल नाही, तिच्या आईची कबर नाही. मी म्हटलं, कॉलेजची परीक्षा देतो. पास झालो तर इथेच राहीन. नापास झालो तर गाठोडं बांध आणि ने.

"आणि पास झालास तर मी पुन्हा विषय काढणार नाही. पण रडीचा डाव नको हं, डॅड."

हातावर हात मारला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

लिंडक्विस्टबाई चष्म्यावरून बघत राहिल्या. "मिस्टर पेटिंगिल, मागच्या बाकावरून परीक्षा मागायला आजवर कुणी आलं नाही. लोक परीक्षेला घाबरून मागे जातात."

पण हो म्हणाल्या. वर्गात पाहिलेली काही चित्रं येतील, ती ओळखायची. आणि एक असं, जे कुणालाच दाखवलेलं नाही. ते नुसतं पाहून सांगायचं — कुठल्या देशातलं, कुठल्या काळातलं, आणि कशावरून. बाईंची ही जुनी पद्धत. मुलं त्याला नुसतंच 'अनोळखी' म्हणतात, आणि टरकून असतात.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

एकट्यासाठी टर्की कोण भाजणार? सूप केलं. टेबलभर चित्रं मांडली. चित्रकारांची नावं हाताला लागतात आणि निसटतात. कविता मात्र न बोलावता येऊन बसतात — सगळ्या, ओळीने.

११ डिसेंबर, गुरुवार

झाली परीक्षा!

पहिली तीन ओळखली. नावं, सालं, सगळं. मग 'अनोळखी' आलं. खिडकीपाशी सलगम सोलणारी म्हातारी, आणि खिडकीच्या कट्ट्यावर लहान मुलाचा एकच बूट. किती वेळ नुसता पाहत राहिलो! लिहिलं — उजेड डावीकडून, पातळ, म्हणजे उत्तरेकडचा देश. काचा लहान लहान, म्हणून तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. आणि तो बूट? मूल आता नाही. म्हातारीने बूट तेवढा ठेवला आहे, आणि त्याच्याकडे पाहायचं ती टाळते आहे. लिहिताना डोळे भरून आले. आयुष्यात इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतं.

शेवटचं चित्रही नवखंच होतं. तेही जमेल तसं लिहिलं.

बाहेर टॅबिथाला म्हटलं, "बाईंनी लबाडी केली. या वेळी दोन अनोळखी!"

ती गळपट्टा बांधत होती. बांधतच राहिली. मग म्हणाली, "हो ना... चला, तुम्हाला घरापर्यंत सोडते. बर्फ निसरडा आहे."

१६ डिसेंबर, मंगळवार

पास झालो. चांगल्या गुणांनी.

बाईंनी दार लावून घेतलं आणि हळूच सांगितलं. अनोळखी एकच होतं, शेवटचं. म्हातारीचं चित्र आम्ही ऑक्टोबरभर वर्गात पाहत होतो. त्यावर मी एकदा उभा राहून बोललो होतो म्हणे, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मी विचारलं, काय बोललो होतो?

"तुम्ही म्हणालात, बूट वाळत घातला आहे. दुसरा मुलाच्या पायात आहे, आणि तो बाहेर चिखलात लंगडी घालतोय. आजी सोलता सोलता त्याचा आवाज ऐकते आहे."

छान बोललो होतो.

घरी येऊन लॉरेलला फोन केला. पास झालो म्हणालो. ती आनंदाने ओरडलीच. तिचं ओरडणं संपू दिलं. मग म्हटलं, ये न्यायला.