सुसरस आणि माझे कान

बाई,

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, आणि तुमच्याच एका इंग्रजी शब्दानं मला मध्यंतरी कानाच्या डॉक्टरकडे परत पाठवलं, म्हणून लिहितोय. सुसरस. घाटकोपरला तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही चार-पाच कामगार फरशीवर बसायचो आणि तुम्ही तांदूळ पाखडता पाखडता इंग्रजी शिकवायच्यात. एकदा सूप थांबवून म्हणालात, "कान दे रे. आता जो आवाज होत होता ना, त्याला इंग्रजीत एक शब्द आहे." पानांची ती सळसळ, माणसांची ती कुजबुज असं आपण म्हणतो, इंग्रजी लेखक दोन्हींसाठी हाच शब्द वापरतात. झाडांतला वारा, जिना उतरणाऱ्या बाईचा रेशमी झगा, पडदा वर जाण्याआधीचं नाट्यगृह. मूळ लॅटिन, आणि तिथे त्याला चुगलीचाही वास. तुमचा नियम होता, नवा शब्द आपल्या रोजच्या जगण्यात कुठे बसतो ते आधी दाखवायचं, मगच वापरायचा. मी हौसेनं लिहून आणलं, मरोळच्या आमच्या गाळ्यात लेथ मशीन सुसरस करते. तुम्ही कपाळाला हात लावलात. "लेथ कोकलते रे! आणि हा शब्द अख्ख्या पुस्तकात एखाद्या वेळी येतो. तू एका पानात चारदा ओतलास. अत्तर आहे ते, आमटी नव्हे." सगळे खो-खो हसले. मीही.

पण ऐकायची सवय लावलीत ती तुम्हीच. पुढे स्वतःचा गाळा घेतला, मोटारी दुरुस्तीचा, तो या कानांच्या जिवावर. चालू मोटारीशेजारी नुसता उभा राहून सांगायचो, बेअरिंग जातंय. "शेठ, खोलून तरी बघा," गिऱ्हाईक म्हणायचं. खोललं की तेच. आणि आता ती पहिली बारीक घासघास माझ्या कारागिराला ऐकू येते, मला येत नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "काका, बारीक आवाज गेलेत. स, श, पानं, कुजबुज. मशीन लावा." म्हटलं, कानांवर नाव कमावलेला माणूस कानात मशीन घालून गाळ्यात उभा राहू? वाटच लागेल. उठून आलो. रिक्षात बसलो आणि तो शब्द तोंडात आला. डॉक्टरीणबाईंनी जे जे गेलं म्हणून सांगितलं, ते सगळं त्यातलंच. एवढं जग सोडायचं, तेही गिऱ्हाइकांच्या लाजेखातर? रिक्षा तिथूनच वळवायला लावली.

आता मशीन लावतो. गाळ्यात दोन दिवस "शेठ, मॅच ऐकताय का?" झालं, मग एक बेअरिंग मी कारागिराच्या आधी पकडलं आणि ती चेष्टा संपली. घरी मात्र बोललो नाही. केसांत लपतं ते. परवा संध्याकाळी दारातून आत येतोय, तर आमची ही, मूळची मालवणची, ओट्याशी पाठमोरी उभी. अगदी हळू पुटपुटली, "इलो माजो बहिरो. आता बोंबलूक व्हया." आणि लगेच खणखणीत आवाजात, "अहो, चहा टाकू?"

बाई, हे किती वर्षं चाललंय कोण जाणे! मशीनचं तिला सांगायला हवं, कळतं मला. पण सांगितलं की ती पुटपुटायची थांबेल. म्हणून हल्ली घरात शिरताना चपला जरा सावकाश काढतो. हा कागदही घरात ठेवण्यात अर्थ नाही, तिच्या हाती लागायचा.