खिरणीच्या बुंध्याला मुंग्या

१२ जानेवारी

खिरणी फुलली. या वेळी माझ्या मनाचे खेळ नाहीत, खरंच फुलली. पानांच्या बेचक्यात बारकी पांढरट फुलं. मान वर करून बघत बसले तर चहा उतू गेला. रजियाभाभी भिंतीपलीकडून ओरडली, "अक्का, औंदा खिरन्या खाऊ घालतीस बग!" गेल्या साली चार-दोन लागल्या होत्या, त्या पाखरांनी नेल्या.

आणलं होतं चिकू म्हणून. दुष्काळात वरचं कलम वाळून कोळ झालं, मी उपटायला निघाले तर खालून फूट. चिकू ज्या खिरणीवर बांधला होता ती जिवंत! हे म्हणाले होते, "ऱ्हाऊ दे, जी जगली ती आपली." टँकरवर गाव चालायचं तेव्हा भांडी विसळलेलं पाणी हेच बादलीनं नेऊन घालायचे. दुकान बंद केलं की आधी झाड, मग जेवण. म्हणून लोक तिला माझं झाड म्हणतात ते चूक. दोघांचं आहे.

२९ जानेवारी

मन्मथनं जेवताना विषय काढला. रस्ता रुंद झालाय, आता आपल्या नांदूरघाटातही जागेला भाव आलाय, दुकानाच्या बाजूची जागा मोकळीच आहे, तिथं दोन गाळे काढू. मोकळी कुठंय? खिरणी आहे की तिथं.

"आई, नुसतं झाड हाय ते. ना फळ ना फूल."

फुललंय म्हटलं, जाऊन बघ. गेला नाही. सुवर्णा आपली ताटात बघत होती. सून हुशार, नवऱ्याच्या बोलण्यात पडत नाही आणि माझ्याही. मग हे बोलले, "तिच्या झाडाला हात लावायचा न्हाई. विषय संपला."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरासमोर माझ्या बाजूनं असे पहिल्यांदा बोलले. उद्या सकाळी धपाटे करणार, त्यांना आवडतात म्हणून.

८ फेब्रु.

अंबाजोगाई. शिवलीलाला मुलगी. दोघी सुखरूप. बाई नर्स, दवाखाना सोडून माहेरी यायला तयार नाही, म्हणून माहेरच उठून तिच्याकडे आलं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, धुणी. पाठ मोडली पण पोरगी गोड आहे, नाक आमच्याकडचं.

निघताना ह्यांना दहादा सांगितलं, खिरणीला आठवड्याला पाणी घाला, फुलं टिकायला हवीत. "व्हय, व्हय, जा तू." मन्मथला सांगितलं नाही. सुवर्णालाही नाही. एका माणसाला सांगितलं की काम होतं.

१९ फेब्रु.

फोन. "खिरणी कशी हाय?" "टवटवीत. आत्ताच पानी घातलं." फोटो पाठवा म्हटलं तर म्हणे कॅमेऱ्यावर चरा पडलाय. शिवलीला हसते, "आई, अण्णा कसे हायेत ते इचारतच न्हाईस."

१४ मार्च

घरी. स्टँडवरून येताना लांबूनच दिसलं. रस्त्याकडची अर्धी बाजू पिवळी. पिशवी खाली ठेवायचं भान राहिलं नाही.

खिरणीचं पान पिवळं मी कधी बघितलं नव्हतं. उन्हाळ्यात सगळी झाडं भुंडी होतात तेव्हाही ही काळीभोर हिरवी. अंगणाकडची बाजू अजून चांगली आहे, बारीक हिरवी फळं धरलीत.

हे म्हणाले, "ऊन लई हाय औंदा." मार्चात? आणि हिला?

१८ मार्च

निंबोळी पेंड. हे स्वतः केजहून घेऊन आले, मी सांगितलंही नव्हतं. दुपारी दोघांनी मिळून आळं केलं. त्यांचे गुडघे दुखतात, तरी वाकून माती ओढत होते. म्हटलं तुम्ही बसा. "न्हाई, करतो की." पेंड कालवली, पाणी दिलं. खूप दिवसांनी असं काम एकत्र केलं. मन्मथ दुकानातून बघत होता.

२५ मार्च

पेंडीचा काही उपयोग नाही. पिवळं होतं ते आता तांबूस. हात लावला की पान गळतं.

रजियाभाभीचं म्हणणं, नजर लागली. तिनंच पहिली लावली असेल म्हटलं, तर चिडली. पण खरंच आता काहीही करून बघायचं. ह्यांनी दुकानातून लिंबू-मिरच्या काढून दिल्या, मी दृष्ट काढली. शेजारी उभे होते, हात जोडून. सकाळी मी लिंगपूजेला बसले तर मन लागेना, सगळं लक्ष खिडकीकडे. माझंच काही चुकलं का? महिनाभर सोडून गेले, ते भोवलं.

२ एप्रिल

मुंग्या दिसल्या. लाल, एका ओळीत, मुळाजवळून वर. त्यांच्यामागं बोट फिरवत गेले. बुंध्यावर चिकाचा पांढरा ओघळ वाळलेला, आणि त्याच्यावर माती लिंपलेली. पाऊस नाही, वारा नाही, बुंध्याला चिखल कोण लावतो? केसातली पिन घालून कोरली. माती निघाली, मग पिवळट मऊ गोळी.

वास आला.

हिंग आहे. आमच्या दुकानातला. नवी नवरी होते तेव्हापासून पुड्या बांधतेय, मला सांगायची गरज नाही. मैदा-डिंक घालून केलेला बांधणीचा हिंग. मुंग्या मैद्याला आल्या होत्या.

रस्त्याकडच्या बाजूला, कुणाच्या डोळ्यावर येणार नाहीत अशी खाली, गिरमिटानं पाडलेली भोकं. एक नाही, ओळच. हिंगानं झाड वाळतं म्हणतात, मीही लहानपणापासून ऐकलंय.

आता लिहवत नाही.

३ एप्रिल

मला वाटलं मन्मथच. गाळ्यांचं वेड त्याचं. सकाळी त्याला धरलं. तो आधी इकडंतिकडं बघायला लागला, मग एकदम, "मला कावून इचारतीस? अण्णाला इचार."

हे साखर तोलत होते. गिऱ्हाईक समोर होतं. मी ती हिंगाची गोळी तराजूच्या रिकाम्या पारड्यात ठेवली. त्यांनी गोळीकडे बघितलं, साखर पुडीत घातली, दोरा गुंडाळला, गिऱ्हाइकाला वाटेला लावलं. मग म्हणाले, "बस."

बसले नाही.

त्यांनीच सगळं सांगितलं. मी अंबाजोगाईला गेले त्याच आठवड्यात हिंग भरला. काहीच झालं नाही. मग मन्मथनं शेतातलं तणनाशक आणलं, तेही त्याच भोकांत ओतलं, वरून पुन्हा हिंग आणि माती.

"पोरगं रोज डोकं खायचं. तुला इचारलं असतं तर तू न्हाई म्हनली असतीस."

"म्हणून विचारलंच नाही?"

"आपोआप वाळलं असतं तर कुनालाच कुनावर रागवावं लागलं नसतं. घरात शांतता ऱ्हायली असती."

शांतता! ह्या माणसाला आयुष्यभर शांतता हवी. पोरालाही वाईट वाटू नये, मलाही नाही. आणि स्वतः दोघांच्याही नजरेत चांगलं राहायचं.

४ एप्रिल

झोप नाही. पहाटे एकदम हसू आलं. झाड मारायला निघाले आणि बांधणीचा हिंग घातला! डबीतला महागाचा खडा हिंग काढवला नाही. तो काढला असता तर कदाचित जाग्यावर... नको. सुवर्णा उठून बघायला आली, तिला वाटलं मी रडतेय. बरोबरच होतं, तोवर रडायला लागले होते.

झाड गेलं असतं तर एक दिवस मी समजून घेतलंही असतं. पोराचं घर आहे, त्याचंही चालायला पाहिजे. भांडले असते, दोन दिवस जेवले नसते, मग गप्प झाले असते. ह्यांना माहीत आहे मी अशीच आहे. पण पेंड? केजपर्यंत जाऊन पेंड आणली! माझ्यासमोर गुडघे टेकून आळं केलं! दृष्ट काढताना हात जोडून उभे राहिले! आणि मी त्या दिवशी ह्याच वहीत लिहिलं की खूप दिवसांनी एकत्र काम केलं. ते पान फाडणार होते. राहू दे, वाचत जाईन.

आणि फोनवर, टवटवीत. आत्ताच पानी घातलं.

११ एप्रिल

ह्यांच्याशी बोलत नाही. ताट सुवर्णा नेते. ते जेवतात, ताट परत येतं, मी घासते.

भोकं कोरून काढली, नळीनं धुतली, आळ्यातली माती उपसून नवी भरली. उपयोग होईल न होईल. शिवलीलाला फोनवर तणनाशकाच्या बाटलीवरचं नाव वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आई, त्या झाडाची फळं कुनी खायची न्हाईत. एकबी न्हाई." हे मी जेवणघरात सगळ्यांसमोर सांगितलं, भिंतीकडे बघून.

अंगणाकडच्या फांद्या भरून वाकल्यात. या वर्षीच.

१७ एप्रिल

मन्मथनं तोडणाऱ्याला बोलावलं. करवत घेऊन आला बिचारा उन्हातून. मन्मथ बाहेर यायच्या आत मी त्याला चहा दिला, सांगितलं घरात दोन मतं आहेत, एक झालं की बोलावू. हसला आणि गेला. मन्मथनं आदळआपट केली. "आता वाळतच हाय ना, मग काढू की!" म्हटलं अर्धी वाळतेय, अर्धी नाही. तुला काय घाई? तुझ्या बापाला तर शांतता हवी आहे.

हे दुकानात होते. ऐकलं असणार.

२७ एप्रिल

शिवलीला कामावर रुजू होणार, बाळाला सांभाळायला ये म्हणते. जायला एका पायावर तयार आहे. या घरात दिवस काढवत नाही, ह्यांच्या पावलांचा आवाज आला की मी खोली बदलते.

पण खिरणी कुणावर सोडू? मागच्या वेळी भरवशाचा माणूस बघूनच सोडली होती. सुवर्णा म्हणाली, "मी घालते पानी, आत्या." चांगली आहे ती, पण आता मला चांगली माणसंही चांगली वाटत नाहीत. हे ह्यांनी केलं माझं. शिवलीलाला अजून हो-नाही काही कळवलं नाही.

९ मे

पिकल्या. पिवळ्याधमक, बोटाच्या पेराएवढ्या. सकाळी अंगणात सडा पडतो. वाट बघायची तरी किती बघितली होती! आणि आता रोज झाडून, खड्डा करून पुरते. पाखरं खातात, त्यांना कोण सांगणार.

रजियाभाभी वाटी घेऊन भिंतीशी. "अक्का, दे की."

"नको भाभी. किडक्या निघाल्यात."

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

खोटं बोलले. नवऱ्यानं विष घातलं असं कसं सांगू शेजारणीला? त्यांनी मला फसवलं आणि मी अजून त्यांची अब्रू झाकतेय. याचा सगळ्यात जास्त राग येतो.

रस्त्याकडची बाजू पूर्ण वाळली. अंगणाकडच्याही एका फांदीची शेंड्याची पानं मऊ पडल्यासारखी वाटतात. की माझे डोळे?

१६ मे

सकाळी अंगण झाडत होते. हे दुकान उघडायचं सोडून आले आणि खिरणीखाली उभे राहिले. त्या दिवसापासून इतक्या जवळ आले नव्हते. वाकले, एक खिरणी उचलली, पायजम्याला पुसली. शिवलीलानं काय सांगितलंय ते त्यांना माहीत आहे. माझ्याकडे बघितलं आणि तोंडात टाकली. चघळून बी हातात काढली.

"लई गोड हाय," म्हणाले.

मग दुसरी उचलली. मी नको म्हणायला तोंड उघडलं होतं. म्हटलं नाही. पस्तावून खाताहेत, की मी नको म्हणावं, हात धरावा, आणि एवढ्यावर सगळं मिटावं म्हणून खाताहेत? मला ओळखता येईना. इतक्या वर्षांचा नवरा, चेहरा वाचता येत नाही. पेंड आणली होती तेव्हाही तोंडावर हेच होतं. तिसरीही खाल्ली. मी झाडू धरून तशीच उभी. मग ते बिया मुठीत घेऊन दुकानाकडे गेले.

आता दुपार. दुकानातून आवाज येतोय, तेलाच्या भावावरून कुणाशी तरी घासाघीस चाललीय. आवाज धड आहे ना ते दोनदा दारापर्यंत जाऊन ऐकून आले. तिसऱ्यांदा जायचं नाही असं ठरवून ही वही घेऊन बसलेय.