आम्ही तिघं आणि बाथरूमचं दार

मंगळवार, ४ मार्च

ताई येतेय. शनिवारी, दहा दिवसांसाठी! "येऊ का" नाही, थेट "येतेय". फोन ठेवल्यावर आम्ही तिघंही एकदम म्हणालो, "मेलो." एरवी तिघांचं एकमत व्हायला आठवडा लागतो.

मास्तर म्हणतात, नवी वही आहे, कोण तिघं ते लिहून ठेव, उद्या आपल्यालाच कळायचं नाही. बरं. अंग एकच — बत्तीस वर्षांचं, चष्म्याच्या दुकानात वाकड्या फ्रेमा सरळ करणारं. त्यात मी राहतो. किंवा राहते, हाताला येईल ते लिहितो, खोडत नाही. मास्तर राहतात, साठीचे. त्यांना शाळा कधीच नव्हती, पण कुणाचं तरी शुद्धलेखन तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आणि कोल्हं राहतं. कोल्हं म्हणजे खरंच कोल्हं. सोंग नाही की लाडाचं नाव नाही. शेपूट असल्याचं आम्हाला स्पष्ट जाणवतं, म्हणून दार लावताना क्षणभर थांबतो — ती आत आली ना, बघायला.

हे ताईला माहीत नाही. ऑनलाइन सोडून कुणालाच माहीत नाही.

गुरुवार, ६ मार्च

लपवालपवी. भिंतीवरचा कामवाटपाचा तक्ता काढला. सकाळी कोण, दुकानात कोण, भांडी कोण. भांड्यांपुढे तिघांनी एकमेकांची नावं लिहिली आहेत.

संग्रह कसा लपवणार, हा प्रश्न आहे. लॅपटॉप उघडला की तोच समोर येतो: दारांच्या कुरकुरीचा संग्रह. चारशे सभासद, त्यातले निम्मे स्वतःला माणूस म्हणवून घेत नाहीत. आपापल्या दारांचे आवाज टाकायचे, मार्क द्यायचे, भांडायचं. चालवते वटवाघूळ. आमचं कोल्हं जसं कोल्हं, तशी ती वटवाघूळ. दिवसा कुठेतरी कवळ्या बनवते. सध्या आमच्या बाथरूमचं दार पहिल्या नंबरावर आहे. तिने खाली लिहिलंय, "ही कुरकुर ऐकून मी हातातले दात खाली ठेवले."

हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते मास्तरांनी मोजलंय. आकडा सांगत नाहीत, नुसते खाकरतात.

शनिवार, ८ मार्च

ताई आली. दोन मोठ्या बॅगा. तोंडातून निघून गेलं, "बस, आम्ही चहा ठेवतो."

"आम्ही? राजेसाहेब झालीस का?"

हसून वेळ मारून नेली. तिला काय सांगू — "आम्ही"सारखा सोयीचा शब्द नाही. बाई की पुरुष विचारत नाही, एक की तीन विचारत नाही.

सोमवार, १० मार्च

दुकानात एक आजोबा म्हणाले, "नव्या चष्म्यातून एकाचे दोन दिसतात." मी म्हणाले, "दोनच ना?" मालकीणबाईंनी अशी नजर टाकली की फ्रेमच सरळ झाली असती.

मंगळवार, ११ मार्च

वटवाघळाचा मेसेज. रविवारी संग्रहाचा वाढदिवस, थेट कार्यक्रम. पहिल्या नंबरची कुरकुर सगळ्यांसमोर ऐकवायची. "तू आणि तुझं दार, दोघंही हवेत."

मास्तर म्हणाले, दोघं नव्हे, चौघं.

गुरुवार, १३ मार्च

घात झाला.

दुकानातून आलो, बाथरूमचं दार ढकललं — आवाज नाही. पुन्हा ढकललं. नाही. मागून ताई खुशीत, "सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. डोकं उठलं होतं माझं. बघ कसं फिरतंय!"

मी "बरं केलंस" म्हणणार होतो, खरंच. पण कोल्हं पुढे आलं. आम्ही जेवणाच्या टेबलाखाली गेलो आणि गुरगुरलो. दुकानाचा गणवेश, छातीवर नावाची पट्टी, आणि गुरगुर.

ताई ओरडली नाही. गुडघे धरत खाली बसली. "पाच वर्षांची असताना करायचीस तू हे."

"मी नाही, कोल्हं."

झालं. निसटलं. मग उरलेलं दाबून ठेवण्यात काय अर्थ? सगळं सांगितलं, टेबलाखालूनच. मास्तर, शेपूट, गेलो-गेले, संग्रह, रविवार. वाटत होतं, आता ही आईला फोन करणार, मग डॉक्टर, मग आत्या.

"म्हणजे अंगात येतं तुझ्या?"

"येत नाही. राहतंच."

ताईने तिथेच नीट मांडी घातली.

"आणि हे वटवाघूळ — बाई की बुवा?"

"बाई."

"आवडते?"

मास्तर म्हणाले, उत्तर पूर्ण वाक्यात दे. मी म्हणालो, "हो."

"मला सगळं कळलंय असं समजू नकोस," ताई उठत म्हणाली. "पण तेल पुसता येतं. साबण कुठाय?"

शुक्रवार, १४ मार्च

आलास म्हणू की आलीस, या पेचातून ताईने वाट काढली: "आलात?" "जेवलात?" शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "भांडलात का गं बहिणी? ती तुला अहो-जाहो करतेय."

दार अजून मुकं. गरम पाणी, साबण, खडूची पूड. ताई बाह्या सरसावून बिजागरीशी झुंजतेय.

शनिवार, १५ मार्च

भाऊजींचा फोन आला. ताई गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं. तेल घातलेलं दार. काही ऐकू आलं नाही.

रविवार, १६ मार्च

कार्यक्रम. साठ जण फोनवर बघत-ऐकत होते. फोन माझ्या हातात, दार ताईच्या. मास्तरांनी प्रस्तावना केली, गरजेपेक्षा पाच मिनिटं जास्त. ताईने दार ओढलं. शांतता. पुन्हा ओढलं — शांतता. तिसऱ्यांदा तिने त्याला लाथ घातली आणि ते म्हणालं, "हिक्."

साठच्या साठ हसले. वटवाघळाचा माइक पडला. आमचा नंबर सतरावर घसरला, पण तिने तिथल्या तिथे "उचकी" नावाचा नवा विभाग उघडला. त्यात एकच दार, म्हणजे पहिले आम्हीच. ताईने माझ्या पाठीवर थाप मारली, मग जरा खाली, शेपटीच्या अंदाजाने, हवेतही एक मारली.

नंतर वटवाघळाने लिहिलं, "लाथ मारणारी कोण?"

"ताई."

"तिला सगळं माहितीय?"

"गुरुवारपासून."

ती कितीतरी वेळ टाइप करत होती. मग एवढंच आलं: "पुढच्या महिन्यात येऊ? दार ऐकायला."

मास्तर म्हणतात, "दार ऐकायला" ही शब्दयोजना संशयास्पद आहे. कोल्हं तीनदा गोल फिरलं. मी "ये" लिहिलं आणि तोंडावर उशी दाबून घेतली.

मंगळवार, १८ मार्च

सकाळी ताईला बसमध्ये बसवलं. संध्याकाळी दुकानातून आलो तर ती जिन्यात, दोन्ही बॅगा शेजारी. पुढच्याच थांब्यावर उतरली म्हणे.

"मला त्या घरी जायचं नाहीये. दहा दिवस सांगेन सांगेन म्हणत होते, तर तुमचंच एवढं निघालं." मग नाक पुसून, "तिघं विचार करून सांगा. मी इथे बसते."

मास्तर म्हणाले, रीतसर मतदान घेऊ. कोल्हं तोवर तिच्या बॅगेवर जाऊन बसलंसुद्धा होतं.