राख नऊ टक्के

४ तारीख. सकाळी ७.
आजपासून कोळसा धुण्याचा प्लांट माझ्या ताब्यात. मुख्य यंत्र सायक्लोन, म्हणजे एक मोठं लोखंडी नरसाळं. जड, गढूळ पाण्याबरोबर कोळसा आत गरगरतो. हलका कोळसा वरून बाहेर, दगड खालच्या तोंडातून. इतकं सोपं, तरी इथल्यांच्या डोक्यात वीस वर्षांत शिरलेलं नाही. संकल्प: कोळशातली राख, म्हणजे जळल्यावर मागे उरणारा कचरा, अठरावरून बारा टक्क्यांवर.

६ तारीख.
फिटरकाका म्हणाले, साहेब, खालचं तोंड झिजून रुंद झालंय, बदलू या, अर्धा दिवस प्लांट बंद ठेवा. अर्धा दिवस! ज्याची अक्कल पान्यापुरती, त्याने सल्ले देऊ नयेत. तसं तोंडावर सांगितलं. हसले. उद्धट माणूस.

११ तारीख.
राख बारा! मी नुसता आलो आणि यंत्र सुधारलं. याला व्यक्तिमत्त्व म्हणतात. लॅबमधल्या बाई म्हणाल्या, दगडांचाही नमुना तपासू या. दगडात काय तपासायचं? साफ नकार दिला.

१५ तारीख.
राख नऊ! विक्रम. मोठ्या साहेबांना फोन केला. भाषण लिहायला घेतलं. कोळसा निम्माच निघतोय, पण दर्जा म्हटला की एवढं चालायचंच.

१८ तारीख.
टाकाऊ दगडांच्या ढिगावर बायका पोती घेऊन हजर. दगड वेचतात! हसून पोट दुखलं. घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, शेजारच्या वहिनींनी आपल्यालाही एक पोतं दिलंय, चार दिवस तुमचं आंघोळीचं पाणी त्यावरच तापतंय. हिला विज्ञान कोण शिकवणार?

२२ तारीख. दुपारी १.
मोठे साहेब आले. भाषणाचं दुसरं पान वाचत होतो, तेवढ्यात ढिगातून धूर. मी म्हटलं, दगड कधी कधी तापतात. फिटरकाकांनी ढिगातला एक तुकडा उचलून साहेबांच्या हातावर ठेवला. कोळसा. अस्सल. बाईंनी मला न विचारता तपासलेला नमुना पुढे केला. झिजलेल्या तोंडातून निम्मा कोळसा दगडांबरोबर बाहेर जात होता. वर उरला तो अर्थातच स्वच्छ. साहेबांनी माझ्या हातातले भाषणाचे कागद घेतले आणि त्यांनीच स्वतःचा घाम पुसला.

२४ तारीख.
काकांनी तोंड बदललं. चार तास लागले. प्लांट आता त्यांच्याकडे. ढीग विझलाय, त्यातला कोळसा हाताने वेगळा करायचाय. त्या बायकांना कामावर घेतलंय, त्यांच्यावर देखरेखीला मी. कसं करायचं ते दाखवावं म्हणून स्वतः कोळशाचं एक घमेलं भरलं. एकीने त्यातून सात दगड काढले आणि म्हणाली, दादा, तुम्ही सावलीत बसा.
बसलोय.