एकटीनं धरलेली ट्राम

ग्लासगो, जून १९५६

जेवणं उरकली तरी बाहेर अजून ऊन हाय. शेळगावात सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं न्हाय. पण त्याहून नवल त्या ट्राममधल्या बाईचं! बाई, आणि कंडक्टर! अंगात कोट, गळ्यात चामड्याची पिशवी.

बोटीवरच्या सोबतिणीनं लंडनला गाडीत बसवून दिलं. हितं उतरले, तर न्यायला येणारे हे कुठंच दिसंनात. वालचंदनगरच्या कारखान्यानं ह्यांना हितं काम शिकायला पाठवलं, त्याला वर्ष झालं. मला ओळखतील का, हीच धास्ती होती, आणि आता माणूसच न्हाय. वाट बघून बघून रडू आलं. मग म्हटलं, पत्ता तर तोंडपाठ हाय. ट्रंक उचलली आणि ट्राममधल्या त्या बाईला पत्ता म्हणून दाखवला. तिनं हात धरून वर घेतलं, ‘हेन, हेन’ म्हणत जवळ बसवलं आणि गल्लीच्या तोंडाशी ट्रंकेसकट उतरवून दिलं.

हे दुसऱ्याच स्टेशनावर गेले होते. धापा टाकत घरी आले, तर मी दारात ट्रंकेवर बसलेली.

“एकटी आलीस?”

“व्हय. ट्रामनं.”

“भ्यायली न्हाईस?”

“भ्याले की! पण आले.”

भर रस्त्यात ह्यांचे डोळे भरले. मला मात्र हसू आवरंना. ‘हेन’ म्हणजे कोंबडी, हितं मायेनं म्हणतात म्हणं!

एवढा धीर आला कुठनं? बारामतीच्या बाजारालासुदिक मी कधी एकटी गेले न्हाय. उद्या हे कामावर गेले, की पुन्हा ट्राममध्ये बसणार हाय, उगाच, पार शेवटापर्यंत. ह्यांना अजून सांगितलं न्हाय.