वखारीतली गाडी आणि स्कूटरचा नंबर

४ जाने. १९८१, रवि.
निपाणीला गेलतो. शेटजींच्या तंबाखूच्या वखारीत ती गाडी अजून आहे. दोन सीटची, बिनटपाची, विलायती. लहानपणी आप्पांबरोबर बैलबाजाराला यायचो, तेव्हा ही गेली की मी धुरळ्यातनं मागं पळायचो. आता पत्रा गंजून खालची जमीन दिसते, सीटवर कोंबडी अंडी घालते. इंजिन बंद. शेटजी म्हणाले, "मास्तर, भंगाराच्या भावात न्या." विचार करून सांगतो म्हटलं. विचार कसला डोंबलाचा! बेळगाव येईपर्यंत यष्टीत दुसरं काही सुचलं नाही.

१२ जाने.
स्कूटरचा नंबर लागल्याचं पत्र आलं. नोंदणी केल्यावर आठ वर्षांनी! ३१ च्या आत पैसे भरा, नाहीतर नंबर रद्द. बायकोनं, सु.नं, पत्र देवापुढं ठेवलं. ती गुंजीच्या शाळेत शिकवते, रोज पहाटे गाडी धरायला स्टेशनपर्यंत चालत. गुडघे गेले बिचारीचे. शिलकीत दोन्हीतलं एकच होतंय. निपाणीच्या गाडीचं तिला बोललेलो नाही.

१८ जाने., रवि.
काय करून बसलो! शेटजींना नाही म्हणवेना, मनालाही म्हणवेना. म्हणून कडोलीहून आप्पांना नेलं. बैलाचे दात बघून शंभर खोडी काढणारा माणूस. वडलांनीच नको म्हटलं की मी सुटलो. पण त्यांना एवढंच सांगितलं की गाडी बघायला जायचंय. आणि आमच्यात जनावर बघायला जाताना पिशवीत नारळ असतोच. आप्पांनी दोन फेऱ्या मारल्या, चाकाला लाथ घातली. आता खोडी काढतील, आता काढतील म्हणतोय, तोवर हळदकुंकू लावून नारळ फोडलासुद्धा. शेटजींनी हात जोडले. कुंकू लागलं की माल आपला, मागं फिरणं नाही.
आप्पा म्हणाले, "लई दिसाचा डोळा हुता न्हवं तुजा हिच्यावर? मला ठावं न्हाय व्हय रं?"
खरं सांगायचं तर आनंद झाला. लिहायलाही लाज वाटते.

२० जाने.
सु.ला सांगितलं. भाकरी थापत होती. "चालती काय ती?" एवढंच विचारलं. नाही म्हटलं. पुढची भाकरी थापायला घेतली. भांडली असती तर बरं.

२७ जाने.
पुन्हा तेच, गाडी की स्कूटर. शाळेत फळ्यावर गणित अर्धं सोडून उभा राहिलो. पोरं हसली.

३१ जाने., शनि.
शेवटचा दिवस. रजा टाकलीय. आप्पांचा निरोप आला: गोठ्यात जागा केलीय, उद्या ट्रॅक्टर घेऊन निपाणीला निघतो, तू पैसे घेऊन ये.
सु.नं पहाटे निघताना स्कूटरचं पत्र माझ्या हातात दिलं. म्हणाली, "आप्पांचं मन मोडू नकासा." आणि गेली चालत.
मन आप्पांचं नाही गं, माझं. हे आता वहीत लिहितोय. ती वळणापर्यंत दिसत होती, हाकसुद्धा मारली नाही.
नऊ वाजले. बँक साडेदहाला उघडते. अजून अंघोळ नाही केलेली.