नवे ब्रेक

माय,

परवाच्या रविवारी तुझ्या नातीने घरीच कॉम्प्युटर जोडला. गेम खेळायचा, ताकदीचा. तयार घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं, म्हणून चार महिने तिने एकेक भाग गोळा केला. डबा गोंदियातल्या एका बंद पडलेल्या इंटरनेट कॅफेचा, एका बाजूने चेपलेला. मदरबोर्ड आणि प्रोसेसर कुठल्याशा ऑफिसातून काढून टाकलेले. ग्राफिक्स कार्ड नागपूरहून आलं, कुणीतरी भरपूर वापरून विकलेलं. त्याचा एक पंखा करकरतो. ओट्यावर चादर अंथरून ती स्क्रू पिळत होती, बाजूला मी पोळ्या लाटत होते. "आई, पीठ उडवून नको राहू ना, बोर्डावर जाईल," असं दोनदा ओरडली. मी मनातून भ्यालेली. मैत्रिणी येतील, चेपलेला डबा बघून हसतील, आणि मग ही मला लागेल असं काहीतरी बोलेल. म्हणून म्हटलं, डबा तरी नवा घेऊ. तर ती हसली. "डब्ब्याने गेम चालतो का? नवा घ्यायचा तर पॉवर सप्लाय. बाकी सगळं जुनं चालते. तो फुटला तर सगळ्यांना घेऊन जातो."

माझं लाटणं थांबलं. तूही असंच बोलली होतीस.

मी आठवीत आहे. शाळा तिरोड्याला, जाणं-येणं पायी. तू ओसरीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आहेस आणि समोर भिंतीला एक सायकल टेकवलेली आहे. फ्रेम एका सायकलची, चाकं दोन वेगळ्या सायकलींची, सीट कुणाची कोण जाणे. सायकलवाल्याच्या मागे लागून तू ती बांधून घेतलीस. "बाकी जुनंच हाये बाई, पण बिरेक नवे बसवाले लावले. रस्त्यानं ट्रका धावून राह्यतेत." मी म्हटलं, "हे तं छाटीतली सायकल हाये."

छाट म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. ठेकेदाराचा माणूस तुझ्या विड्या निवडायचा, नापास झालेल्यांची छाट बाजूला फेकायचा, आणि तू खाली बघत बसायचीस. दिवसभराच्या कामातला तो एक शब्द तू घरात कधी आणला नव्हतास. मी आणला. तू हातातली विडी पुरी केलीस, दोरा बांधलास आणि म्हणालीस, "छाट म्हणू नोको." बस, तेवढंच. तू रागावली असतीस तर बरं झालं असतं.

आठ दिवस मी ती सायकल चालवली. मुली म्हणायच्या, "काऊन वो, तुही सायकल दोन बापाची हाये का?" नवव्या दिवशी मी ती तिरोड्याच्या स्टेशनबाहेर कुलूप न लावता उभी केली आणि मागे न बघता निघून आले. तुला सांगितलं, चोरी झाली. तू तीन दिवस सुपाला हात लावला नाहीस. स्टेशनावर विचारलंस, पार चोरखमारा गावापर्यंत चालत गेलीस. भेटेल त्याला सांगत होतीस, "बिरेक नवे हायेत, पाहाल तं वळखाल." तिसऱ्या दिवशी पाय सुजवून परत आलीस आणि मलाच जवळ घेतलंस. "रडू नोको, तुही कायची चूक?" त्यानंतर मी शाळा संपेपर्यंत पायीच गेले, आणि मला उशीर झाला की तू फाट्यावर येऊन उभी राहायचीस.

कॉम्प्युटर दुसऱ्या खेपेला सुरू झाला. तिने लगेच मैत्रिणीला फोन लावला. "पूरा सेकंड हँड है, देख तो आके. मैंने और मम्मी ने मिलके बनाया." मी फक्त पोळ्या लाटल्या होत्या, माय. तरी तिने माझं नाव घेतलं. मी मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा.

तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. त्याआधी इतकी वर्षं तू समोर होतीस, शेवटच्या आजारात तर महिनाभर माझ्याच घरी होतीस, आणि मी औषधाची वेळ सोडून काही बोलले नाही. आज सगळं लिहून काढलं. तुला अक्षर ओळखू येत नव्हतं. येत असतं तर आजही लिहिलं नसतं.